आवाजाचे काम आणि मुके स्लायडर

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘दृष्टिहीनांना आवाजाचे काम सोपे जात असणार’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून आणि इतक्या आपुलकीने ऐकले आहे की त्यावर वाद घालणे मी केव्हाच सोडून दिले. ऐकण्यापुरते ते खरेही असेल. परंतु आवाजाचे काम आता बहुतांशी संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये होते, आणि ते सॉफ्टवेअर कानांनी चालत नाही. ते पडद्याकडे बघून आणि माउसने ओढून चालवायचे, असे गृहीत धरून बनवलेले असते. मी जन्मतः दृष्टिहीन आहे, दिवसभर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरते, आणि भाषणांची व मुलाखतींची ध्वनिमुद्रणे ऐकण्याजोगी करण्याचे काम करते. त्या कामात ज्या एका साधनावाचून माझे पान हलत नाही, त्या इक्वलायझरविषयी हे पत्र आहे.

इक्वलायझर म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगणे बरे. माणसाच्या कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झ या टप्प्यातले आवाज ऐकू येतात. या लांबलचक पट्ट्याचे तुकडे पाडून त्यातला नेमका एखादा तुकडा वाढवणे किंवा कमी करणे, एवढेच इक्वलायझरचे काम. टेलिफोनच्या लांब तारांमधून जाताना आवाजातला वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त क्षीण होत असे. तो पुन्हा बरोबरीला आणण्यासाठी जी मंडले वापरली गेली, त्यांच्यावरून ‘बरोबरी करणारा’ या अर्थाचे हे नाव पडले. आजही टेलिफोनवरचा आवाज म्हटले की जो अरुंद, डबीतून आल्यासारखा आवाज आठवतो, तो पारंपरिक टेलिफोनच्या सुमारे 300 ते 3,400 हर्ट्झ एवढ्या मर्यादेमुळे. ‘स’ आणि ‘श’ या वर्णांमधला जो सळसळता भाग आहे, तो बराचसा या मर्यादेच्या वर राहतो. म्हणूनच टेलिफोनवर नाव सांगताना ‘सशाचा स’ किंवा ‘शहाळ्याचा श’ असे फोड करून सांगावे लागते. कोणता पट्टा कशासाठी, हे एकदा कानाला समजले की पुढचे काम अंदाजाचे राहत नाही. आवाज घुमणारा, कोंदट वाटला तर 200 ते 400 हर्ट्झच्या आसपास हात घालायचा. शब्द पुसट असतील तर 2,000 ते 4,000 चा भाग थोडा उचलायचा. विजेची घुरघुर असेल तर 50 किंवा 60 हर्ट्झ आणि त्यांच्या पटीतल्या जागा शोधून तिथे बारीक छाट द्यायची.

हे सगळे कानाचे काम आहे आणि त्यात मी कोणाला हार जात नाही. अडते ते ‘हात घालायचा’ या दोन शब्दांपाशी.

इथे थोडा मागचा इतिहास आठवावा लागतो. ज्याला ग्राफिक इक्वलायझर म्हणतात, तो एके काळी धातूची एक पेटी असे. तिच्या दर्शनी बाजूवर एका ओळीत उभ्या खाचा, प्रत्येक खाचेत वर-खाली सरकणारी एक खुंटी. दहा पट्ट्यांच्या पेटीत साधारणपणे 31.5, 63, 125, 250, 500 असे दुपटीने चढत 16,000 हर्ट्झपर्यंत जाता येई, आणि व्यावसायिक पेटीत असे एकतीस पट्टे असत. तिला ‘ग्राफिक’ म्हणत, कारण खुंट्यांच्या जागांनी आवाजाच्या बदलाचा आलेखच जणू पेटीवर उमटे. डोळस माणूस तो आलेख बघत असे. पण माझ्यासारखीला तो हाताने वाचताही येत असे, याकडे फार कोणाचे लक्ष गेले नाही. डावीकडून उजवीकडे बोटे फिरवली की कुठे चढ, कुठे उतार, हे एका दमात कळे. बऱ्याच पेट्यांत खुंटी मध्यावर, म्हणजे शून्यावर, आली की बोटाला एक बारीकसा खटका लागे. त्या खटक्याइतकी नेमकी सूचना मला नंतरच्या कित्येक वर्षांत कोणत्याही सॉफ्टवेअरने दिलेली नाही.

मग ती पेटी पडद्यावर आली. खुंट्या आल्या, खाचा आल्या, काही ठिकाणी तर धातूवरचे ओरखडे आणि स्क्रूसुद्धा हुबेहूब रंगवले गेले. गेले ते फक्त बोटांना लागणारे चढ-उतार. कानांच्या साधनात चित्र कानामागून आले आणि तिखट झाले, ते असे.

आता मी हा पडद्यावरचा इक्वलायझर उघडते तेव्हा काय होते, ते जवळून सांगते. टॅब कळ दाबली की स्क्रीन रीडर म्हणतो, “स्लायडर 50”. पुन्हा टॅब, “स्लायडर 50”. पुन्हा टॅब, पुन्हा तेच. असे दहा वेळा. यातला कोणता स्लायडर 125 हर्ट्झचा आणि कोणता 8,000 चा, हे त्याला ठाऊक नाही, कारण आकडे स्लायडरखाली चित्र म्हणून छापलेले आहेत, स्लायडरचे नाव म्हणून दिलेले नाहीत. मग मी टॅब मोजते. सहावा टॅब म्हणजे 1,000 हर्ट्झ असावा, जर पहिला टॅब प्रीॲम्पचा, म्हणजे सगळाच आवाज एकदम वाढवणाऱ्या-कमी करणाऱ्या स्लायडरचा, नसेल तर. असेल तर सातवा. आणि 50 म्हणजे काय? पन्नास टक्के. म्हणजे मध्य. म्हणजे शून्य डेसिबल, ना वाढ ना घट. बाणाची कळ बारा वेळा दाबून मी 62 वर गेले, तर आवाज किती वाढला? पट्टा उणे 12 ते अधिक 12 डेसिबलचा असेल तर 24 डेसिबलचे शंभर भाग, एका भागाला 0.24, म्हणून 62 म्हणजे अधिक 2.88 डेसिबल. हे गणित मी आता झोपेतही करू शकते. पण समोरच्या पडद्यावर ‘+2.9’ हा आकडा स्वच्छ लिहिलेला असताना ते मी का करावे, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

हा झाला त्यातल्या त्यात बरा प्रकार. पॅरामेट्रिक इक्वलायझरची कथा याहून वाईट. हा शब्द 1972 मध्ये जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी ध्वनी-अभियंत्यांच्या परिषदेत मांडलेल्या शोधनिबंधामुळे रूढ झाला. त्याची कल्पना मोठी देखणी आहे: पट्टे आधी ठरवून न ठेवता प्रत्येक फिल्टरला, म्हणजे बदलाच्या प्रत्येक जागेला, तीन आकडे द्यायचे. मध्य कुठे, वाढ किंवा घट किती, आणि रुंदी किती. रुंदीच्या आकड्याला ‘क्यू’ म्हणतात, आणि तो जितका मोठा तितकी छाट अरुंद. लक्षात घ्यावे की हे तीन आकडे आहेत. चित्र नव्हे. जगातली कोणतीही गोष्ट स्क्रीन रीडरला आकड्यांइतकी सहज वाचता येत नाही. तरीही आजच्या कितीतरी पॅरामेट्रिक इक्वलायझरांत हे तीन आकडे एका वक्ररेषेवरच्या रंगीत ठिपक्यात गुंडाळलेले असतात: ठिपका आडवा ओढला की वारंवारता, म्हणजे हर्ट्झचा आकडा, बदलते, उभा ओढला की डेसिबल, आणि माउसचे चाक फिरवले की क्यू. अशा खिडकीत शिरल्यावर माझा स्क्रीन रीडर खिडकीचे नाव सांगतो आणि गप्प बसतो. टॅब दाबा, बाण दाबा, काहीही दाबा. त्याच्या लेखी तिथे काही नाहीच.

यात स्क्रीन रीडरचा दोष किती, असे कोणी विचारील. स्क्रीन रीडर पडदा ‘बघत’ नाही; प्रोग्रामने प्रत्येक घटकाविषयी पुरवलेली माहिती तो ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतो. या घटकाचे नाव काय, तो कोणत्या प्रकारचा, त्याचे सध्याचे मूल्य किती, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की तो बोलतो. ऑपरेटिंग सिस्टीमची तयार बटणे आणि स्लायडर वापरले तर ही उत्तरे बहुधा आपोआप जातात. पण आवाजाच्या सॉफ्टवेअरवाल्यांना तयार घटक साधे वाटतात. ते स्वतःची बटणे रंगवतात, आणि रंगवलेल्या बटणाला ही उत्तरे हाताने जोडावी लागतात, जी कोणी जोडत नाही. वेबसाठी हीच अपेक्षा 2008 पासून लेखी आहे. त्या वर्षी आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.0 या मार्गदर्शक तत्त्वांत नाव, भूमिका आणि मूल्य प्रोग्रामला कळेल असे असावे, हा स्वतंत्र निकष आहे, आणि सर्व काही कीबोर्डने करता यावे, हाही. ऑडिओ प्लगइन, म्हणजे ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरला जोडायची इक्वलायझरसारखी साधने, बनवणारे पुष्कळ लोक ज्यूस नावाची तयार प्रोग्रामिंग-चौकट वापरतात. तिच्यात स्क्रीन रीडरसाठीची सोय 2021 साली, 6.1 या आवृत्तीत आली. म्हणजे त्याआधी एखाद्या निर्मात्याची इच्छा असती तरी त्याला सगळे स्वतः उभारावे लागले असते, हे मान्य केले पाहिजे. त्यानंतर मात्र ही सबब उरत नाही.

मी स्वतः या अडचणीतून कशी सुटले, ते सांगते, कारण सुटका अनपेक्षित जागी सापडली. विंडोजसाठी ‘इक्वलायझर एपीओ’ नावाचे एक मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. संगणकातून बाहेर पडणाऱ्या सगळ्या आवाजावर ते काम करते, आणि त्याची सर्व सेटिंग्ज एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेल्या असतात. तिच्यासाठी चित्रमय संपादकही सोबत येतो. मी तो उघडत नाही. मी नोटपॅडमध्ये ती फाइल उघडते. त्यात रोमन लिपीत, एकेका ओळीत, असे काही लिहायचे असते: ‘प्रीॲम्प: -6 डीबी’. खालच्या ओळीत ‘फिल्टर: ऑन, पीके, एफसी 3200 हर्ट्झ, गेन -4 डीबी, क्यू 2’. पीके म्हणजे टेकडीच्या आकाराचा फिल्टर, एफसी म्हणजे मध्य. ओळीच्या आरंभी ‘#’ हे चिन्ह टाकले की ती ओळ निजते, काढले की जागी होते. फाइल साठवली की त्याच क्षणी आवाज बदलतो. ना ठिपके, ना वक्ररेषा, ना टॅब मोजणे. पॅरामेट्रिक इक्वलायझर मुळात जे होते, म्हणजे आकडे, तेच फक्त शिल्लक. ही फाइल मला अक्षर-अक्षर वाचता येते, तिच्या नकला ठेवता येतात, ‘मुलाखतीसाठी’, ‘जुन्या कॅसेटसाठी’ अशा नावांच्या वेगळ्या फाइली करून एका ओळीने त्या मुख्य फाइलमध्ये ओढून घेता येतात. गंमत अशी की ही सोय कोणी दृष्टिहीनांसाठी म्हणून मुद्दाम केली असावी, असे दिसत नाही. साधेपणा होता, म्हणून आम्ही त्यात मावलो.

पण ज्याच्या आधारावर उभे राहायचे त्याच फांदीवर कुऱ्हाड चालवण्याचा धोकाही इथेच आहे. संगणकातून येणारा सगळा आवाज इक्वलायझरमधून जातो, आणि त्या आवाजात माझा स्क्रीन रीडरही असतो. एकदा घाईत प्रीॲम्पच्या ओळीत उणे 6 ऐवजी माझ्याकडून उणे 60 लिहिले गेले आणि मी फाइल साठवली. साठ डेसिबलची घट म्हणजे ध्वनिलहरीची उंची हजारपटीने कमी. संगणक चालू होता, पंख्याची घरघर ऐकू येत होती, पण माझ्यासाठी पडदा नाहीसा झाला होता. स्क्रीन रीडर बोलत असणार, पण ते माझ्यापर्यंत पोचत नव्हते. आणि चूक दुरुस्त करायला जे साधन लागते तेच चुकीत गेले होते. डोळस माणसाच्या बाबतीत हे म्हणजे ब्राइटनेस कमी करताना मॉनिटर काळा व्हावा आणि ब्राइटनेसचे बटण त्याच काळ्या पडद्यावर असावे, असे झाले. मिनिटभर मी हात कळांवर ठेवून नुसती बसले. मग ध्यानात आले की कर्सर अजून त्या जादा शून्याच्या पाठीलाच उभा आहे, कारण ते लिहिल्यावर मी कुठे हललेलेच नाही. बॅकस्पेस. कंट्रोल आणि एस. आणि आवाज परत आला, वाक्याच्या मधूनच, जणू मध्ये काही घडलेच नव्हते. तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे: बोलण्याचा आवाज एका उपकरणातून आणि कामाचा आवाज दुसऱ्यातून. एक लहानसे यूएसबी साउंड कार्ड त्याला पुरते. स्क्रीन रीडरच्या सेटिंग्जमध्ये त्याचा आवाज बाहेर पडण्याचे उपकरण निवडता येते, आणि इक्वलायझर एपीओ कोणत्या उपकरणाला लागू करायचे हेही ठरवता येते. नव्याने या कामात येणाऱ्या दृष्टिहीनांना मी हे पहिल्याच दिवशी करायला सांगते.

दोन आवाज वेगळे करण्याचे आणखी एक कारण आहे, आणि त्याचा विचार डोळस अभियंत्यांना सहसा सुचत नाही. त्यांच्याकडे आकड्यासाठी डोळा आणि आवाजासाठी कान, अशी कामाची वाटणी आहे. माझ्याकडे दोन्ही पाहुणे एकाच दाराने येतात. मी 3,000 हर्ट्झचा पट्टा अर्ध्या डेसिबलने खाली आणते. नेमका त्याच क्षणी कानात “उणे तीन पूर्णांक पाच” असे शब्द पडतात. आणि ज्या बदलाचा परिणाम ऐकायचा तो या शब्दांखाली दबून जातो. त्यात भर म्हणून, एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये तो बोलत असताना बाकीचे सगळे आवाज आपोआप खाली दाबण्याची सोय आहे. एरवी ती फार उपयोगी. इक्वलायझरच्या कामात मात्र घातक, कारण प्रत्येक कळ दाबली की संगीत खाली जाते, बोलणे संपले की वर येते, आणि आपण केलेला बदल कोणता व स्क्रीन रीडरने केलेला कोणता, हे कानाला उमगेनासे होते. एनव्हीडीए कळ, शिफ्ट आणि डी एकत्र दाबून ती सोय आधी बंद करायची, हे मला बरेच दिवस वाया घालवल्यावर कळले. बोलणे मध्येच तोडायचे तर कंट्रोल कळ असतेच. आणि ज्यांच्याकडे ब्रेल डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर ब्रेलच्या टिंबांत बोटांखाली उमटवणारे उपकरण, आहे त्यांचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो: आकडा बोटांखाली, आवाज कानात, दोघे एकमेकांच्या पायात येत नाहीत. ती जुन्या पेटीवरची खुंटी एका अर्थाने परत मिळते.

पायऱ्यांचा प्रश्न वरवर किरकोळ, पण कामाचा नाश करणारा आहे. एका सॉफ्टवेअरमध्ये वारंवारतेचा स्लायडर कीबोर्डने हलत होता, नावही सांगत होता. मला आनंद झाला. मग पाहिले तर तो 20 ते 20,000 हर्ट्झचे सरळ शंभर भाग करून चालत होता. म्हणजे एकदा बाण दाबला की सुमारे 200 हर्ट्झची उडी. पहिल्या पायरीला 20, दुसरीला 220. विजेची घुरघुर, खोलीतला घुमारा, पुरुषी आवाजाचा सगळा खर्ज, हे जिथे राहते तो मुलूख दोन पायऱ्यांच्या मध्ये गडप. वरच्या टोकाला मात्र 19,600 आणि 19,800 यांतला, कोणालाही ऐकू न येणारा, फरक करण्याची चैन होती. कानाला वारंवारता पटीत कळते, बेरजेत नाही. 100 ते 200 आणि 5,000 ते 10,000 ही कानाला सारखीच अंतरे आहेत. माउसवाल्यांसाठी काढलेल्या आलेखात हे तत्त्व बहुधा नीट पाळलेले असते. कीबोर्डची पायरी ठरवताना ते कोणाला आठवत नाही. फोनवर याचीच दुसरी आवृत्ती भेटते: व्हॉइसओव्हर हा आयफोनमधला स्क्रीन रीडर चालू असताना स्लायडरवर बोट वर किंवा खाली सरकवले की मूल्य एका वेळी दहा टक्क्यांनी बदलते. 24 डेसिबलच्या पट्ट्यावर ती 2.4 डेसिबलची उडी होते, आणि ज्याला अर्धा डेसिबल हवा आहे त्याला ती निरुपयोगी आहे. उपाय अगदी सोपा. स्लायडरशेजारी आकडा लिहिण्याची एक चौकोनी जागा द्यावी. डोळसांनाही ती हवीच असते.

चांगली उदाहरणे नाहीत असे नाही. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर 2006 मध्ये मायकल करन यांनी सुरू केला आणि त्यांच्या बरोबरीने तो घडवणारे जेम्स टेह यांनी पुढे रीपर या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरसाठी ‘ओसारा’ ही जोड तयार केली. हे दोघेही दृष्टिहीन आहेत. ओसारामध्ये इफेक्टच्या चित्राकडे जावेच लागत नाही. पी कळ दाबली की त्या इफेक्टचे सगळे घटक एका यादीत मिळतात. घटक निवडायचा, स्लायडरने हलवायचा किंवा सरळ आकडा लिहायचा. रीपरसोबत येणारा इक्वलायझर मी असाच वापरते. ऑडॅसिटीत दोन प्रकारचे इक्वलायझर आहेत: रेषा माउसने काढायचा एक, आणि स्लायडरांचा दुसरा. दुसऱ्यात बाणाच्या कळांनी काम होते, आणि निर्मात्यांनी तसे माहितीपुस्तिकेत नोंदवलेही आहे. फार मागे जायचे तर 1997 मध्ये आलेल्या विनॅम्प या म्युझिक प्लेअरचे उदाहरण घ्यावे. त्याच्या इक्वलायझरच्या खिडकीत 1 ते 0 या आकड्यांच्या कळा दहा पट्टे वर नेत, आणि त्यांच्या बरोबर खालच्या, क्यू ते पी या अक्षरांच्या कळा तेच पट्टे खाली आणत. खिडकी पूर्णपणे रंगवलेली होती, आकडे ती बोलून दाखवत नसे. पण कीबोर्डच्या दोन ओळींतच दहा खुंट्यांची ती जुनी पेटी पुन्हा मांडलेली होती. ज्याने हे योजले त्याने दृष्टिहीनांचा विचार केला होता की नुसता घाईत काम करणाऱ्यांचा, मला माहीत नाही. मला त्याचे आभार मानायचे आहेत.

याउलट, जिथे काहीच सोय नाही तिथे आम्ही जे करतो त्याचे कौतुक होते आणि मला त्या कौतुकाचा कंटाळा आला आहे. स्क्रीन रीडरकडून पडद्यावरची अक्षरे चित्रातून ओळखून घ्यायची, माउसचा बाण कळांनी नेमक्या जागी न्यायचा, ती जागा ‘गोल्डन कर्सर’सारख्या, एनव्हीडीएला जोडायच्या पूरक प्रोग्राममध्ये साठवून ठेवायची, मग चाक किती घरे फिरवले ते मोजायचे. खिडकीचा आकार बदलला, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, की साठवलेल्या सगळ्या जागा खोट्या. मागच्या वेळी एका मुलाखतीतला एक कर्कश ‘स’ मऊ करायला मला तीन तास लागले. त्यातली दहा मिनिटे कानाची होती. ही जिद्द नव्हे, ही वेळेची नासाडी आहे, आणि तिला जिद्द म्हटल्याने ती नासाडी करणारा मोकळा सुटतो.

सॉफ्टवेअरवाल्यांकडे माझ्या मागण्या फार नाहीत. प्रत्येक स्लायडरला नाव असावे: ‘1,000 हर्ट्झ’. मूल्य टक्क्यांत न सांगता डेसिबलमध्ये सांगावे, आणि थोडक्यात. ‘एक हजार हर्ट्झ पट्ट्याचे सध्याचे मूल्य उणे तीन डेसिबल आहे’ असे पाल्हाळ प्रत्येक कळीमागे ऐकायचे म्हणजे कानाला शिक्षाच; ‘उणे तीन’ पुरे. आकडा लिहिता यावा. सगळे शून्यावर आणणारी एक कळ असावी, आणि इक्वलायझर क्षणात चालू-बंद करणारी एक, म्हणजे आधीचे व नंतरचे लागोपाठ ऐकता येईल. प्रीसेटची, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या सेटिंग्जची, यादी साधी, बाणांनी फिरता येईल अशी असावी. वक्ररेषा ठेवावी, सुंदर ठेवावी, तिला माझा विरोध कशाला असेल? ती एकमेव दार असू नये, एवढेच.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ध्वनीच्या क्षेत्रात दोन आवाजांतला खरा फरक तपासायचा असेल तर कोणता आवाज कुठला हे ऐकणाऱ्यापासून लपवून चाचणी घेतात, आणि तिला ‘ब्लाइंड टेस्ट’ म्हणतात. कारण पडद्यावरची रेषा वर गेलेली दिसली की कानालाही आवाज वाढल्यासारखा वाटू लागतो, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाने अनुभवलेले असते. कित्येक कसलेले अभियंते शेवटचा निर्णय घेताना मॉनिटर बंद करतात. ज्या खोलीत निर्णयाच्या क्षणी डोळे मिटून घेणे शहाणपणाचे समजले जाते, त्याच खोलीत डोळे नसलेल्या माणसाला बटण सापडू नये, हे मला अजून पचलेले नाही.

संपादक महोदय, हे पत्र सॉफ्टवेअर कंपन्यांना न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारण असे. कंपन्यांना मी वर्षानुवर्षे लिहीत आले आहे. ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही, कारण माझ्यासारख्या एकटीदुकटीच्या पत्राने विक्रीवर काही परिणाम होत नाही. परीक्षणाने होतो. वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञानविषयक सदरांत म्युझिक प्लेअर, हेडफोनची ॲप्स, ध्वनिसंपादनाची साधने यांची परीक्षणे येतात, त्यात रंगसंगतीवर आणि खिडकीच्या मांडणीवर परिच्छेदच्या परिच्छेद असतात. हे साधन कीबोर्डने आणि स्क्रीन रीडरने चालते की नाही, यावर बहुधा एक ओळही नसते. ती ओळ आपल्या परीक्षकांनी लिहावी, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, दृष्टिहीन माणूस शोधून आणावा लागत नाही. विंडोजवर विंडोज, कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या की नॅरेटर हा अंगभूत स्क्रीन रीडर सुरू होतो. मॅकवर कमांड आणि एफ5 दाबले की व्हॉइसओव्हर. मग मॉनिटर बंद करावा, माउस बाजूला ठेवावा, आणि 1,000 हर्ट्झचा पट्टा तीन डेसिबलने खाली आणून पाहावा. पाच मिनिटांत जमले तर तसे लिहावे. नाही जमले, तर कितवा टॅब दाबल्यावर नाद सोडला, ते लिहावे.

आपली विश्वासू,
एक दृष्टिहीन वाचक